थंड आहे, तरी चालत नाही

‘गेमिंग लॅपटॉप’ हा शब्द खरेदीच्या वेळी आमच्या घरात कुणीही उच्चारला नव्हता. चिरंजीव इंजिनिअरिंगला लागले तेव्हा त्यांनी बाबांपुढे ठेवलेल्या यादीत ‘कोडिंगसाठी लॅपटॉप’ एवढंच होतं. कोडिंगला वेगळं ग्राफिक्स कार्ड कशाला, की-बोर्डच्या खालून जांभळा उजेड कशाला आणि नुसता चार्जर पाऊण किलोचा का, हे प्रश्न मी विचारले. नवऱ्याने विचारले नाहीत, कारण तो उजेड त्यालाही आवडला होता. मला ‘आई, तुला नाही कळणार’ असं उत्तर मिळालं. मी बँकेत काउंटरवर बसते. हे उत्तर ग्राहकांना देता येत असतं तर माझी बीपीची गोळी केव्हाच बंद झाली असती.

खोक्यावर ५ गिगाहर्ट्झ असं ठळक छापलेलं होतं. म्हणजे सेकंदाला पाचशे कोटी ठोके, असं दुकानदाराने सांगितलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते ठोके तोच स्वतः देतो. एवढे ठोके घेऊन मुलगा करणार काय, हे त्याने विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. डोंबिवलीत माणूस टू बीएचके घेतानाही एवढे प्रश्न विचारत नाही, तर लॅपटॉपचं काय!

पहिलं वर्ष बरं गेलं. मुलगा रोज पाठीला लॅपटॉप लावून ठाण्याला कॉलेजात जायचा आणि रात्री दार लावून ‘कोडिंग’ करायचा. या कोडिंगमधून टायर घासल्याचे आणि गाड्या आपटल्याचे आवाज यायचे. मग एका एप्रिलमध्ये आवाज थांबले आणि त्याऐवजी मुलाचाच आवाज यायला लागला. गेममधली गाडी वळण घ्यायला सांगितलं की थोडा विचार करायची, मग अर्धं वळण घ्यायची, मग थांबून उरलेलं घ्यायची. मानपाडा रोडवर संध्याकाळी सातला रिक्षावाले याहून चपळ असतात. गेम सोडाच, साधी कॉलेजची फाईल उघडायला सांगितली तरी लॅपटॉप तिची वाट पाहत आमच्याबरोबर बसायचा. मुलाने टास्क मॅनेजर नावाचं पान उघडून मला आकडा दाखवला. वेग ०.७९ गिगाहर्ट्झ. पाचशे कोटींचे एकोणऐंशी कोटी झाले होते. आमच्या बँकेत असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी अधिकारी हजर झाला असता.

“थ्रॉटल होतोय,” मुलगा म्हणाला.

हे थ्रॉटल होणं म्हणजे काय, ते मी त्याच्याकडून आणि नंतर स्वतः वाचून नीट समजून घेतलं, कारण पैसे माझ्या खात्यातून जाणार होते. प्रोसेसर काम करतो तेव्हा तापतो. साधारण शंभर अंशांच्या आसपास त्याची हद्द असते. ती जवळ आली की तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे उष्णता कमी होते आणि जीव वाचतो. ही व्यवस्था नसेल तर काय होतं, हे २००१मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या वेबसाइटवाल्यांनी जगाला दाखवलं होतं. त्यांनी चालू गेममध्ये प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा हीटसिंक सरळ उचलून काढला. पेंटियम ४ मंदावला, पण गेम चालू राहिला. त्या वेळच्या ॲथलॉनमधून धूर निघाला आणि तो कायमचा गेला. त्यामुळे मंदावणं हा दोष नाही, शहाणपणा आहे. हे वाक्य मी मुलाला ऐकवलं. त्याला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये मी विषय काढला. ठाण्यापर्यंतचा आमचा ग्रुप आहे, आणि लेडीज डब्यात एकदा आजार सांगितला की औषध मिळाल्याशिवाय माणूस उतरत नाही. प्रत्येक औषधाची सुरुवात ‘अगं, आमच्याकडे पण’ अशीच झाली. एकीचा भाचा हिंजवडीला असतो, त्याच्या मते फॉर्मॅट मारायचा. दुसरीने रॅम वाढवायला सांगितली. तिसरीकडे मोबाइल गरम झाला की दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवतात, तर लॅपटॉपला काय हरकत आहे? हरकत ही की डोंबिवलीच्या दमट हवेत फ्रीजमधून काढलेल्या कुठल्याही वस्तूला पाणी सुटतं, आतूनसुद्धा. पण हे मी बोलले नाही, कारण सल्ला देणारी अंबरनाथहून बसून येते. आम्ही डोंबिवलीला चढून लटकणाऱ्या. बसलेल्या बाईच्या सल्ल्याला उभ्या बाईने डब्यात उलट उत्तर द्यायचं नसतं. दिव्याला ती उठली तर जागा आपल्याला मिळू शकते.

घरी मग एकेक प्रयोग झाले. लॅपटॉपखाली पाण्याच्या बाटल्यांची झाकणं ठेवून तो उंच केला, म्हणजे खालून हवा जाईल. मग त्याला पंखे असलेलं कूलिंग पॅड आणलं. त्याचा उजेड निळा, लॅपटॉपचा जांभळा, त्यामुळे रात्री बाराला मुलाच्या खोलीच्या दाराखालून एखाद्या ऑर्केस्ट्राची रिहर्सल चालल्यासारखं दिसे. मग टेबलफॅन गेला. शेवटी लॅपटॉप आमच्या बेडरूममध्ये आला, कारण घरातला एकुलता एक एसी तिथे आहे. लॅपटॉपबरोबर त्याचा मालक आला. आम्ही नवरा-बायको हॉलमध्ये पंख्याखाली झोपायला लागलो आणि लॅपटॉप चोवीस अंशांत आरामात मंद चालायला लागला.

इथे मी एक हिशेब मांडला, आणि तो या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे. प्रोसेसरची हद्द शंभर अंश धरा. बावीस अंशांच्या खोलीत त्याला वर चढायला अठ्ठ्याहत्तर अंशांची मोकळीक असते. आमच्या हॉलमध्ये मे महिन्यात दुपारी पस्तीस. म्हणजे उरले पासष्ट. बरोबर सहावा हिस्सा डोंबिवलीने दार उघडायच्या आधीच कापून घेतला. खोक्यावरचा आकडा पूर्ण खरा आहे, फक्त तो आपल्या हवामानाला विचारून छापलेला नाही. मात्र लॅपटॉपच्या बाबतीत दमटपणाला दोष द्यायला जागा नाही. आपण घामाघूम होऊन हैराण होतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. यंत्राला घामच येत नाही. पस्तीस अंश कल्याणचे असोत की कोरड्या जळगावचे, त्याला सारखेच. जळगावला पस्तीस असतील तर तिथे स्वेटर काढतात, तो भाग वेगळा.

एसीतही वेग हलेना, तेव्हा आम्ही ठाण्याच्या एका सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेचं दार, टोकन, टाय लावलेला मुलगा. त्याने लॅपटॉप चालू केला, बंद केला, उलटा केला आणि म्हणाला, “मॅम, मदरबोर्ड.” स्क्रू एकही काढला नव्हता. खर्च बेचाळीस हजार. मी म्हटलं, “न उघडता कळलं?” तो म्हणाला, “मॅम, एक्स्पीरियन्स.” मी आमच्या कर्ज विभागात ज्यांना हा आत्मविश्वास असतो त्यांच्या फायली नंतर कुठे जातात ते पाहिलेलं आहे. टोकन परत करून आम्ही खाली आलो आणि वडापाव खाल्ला.

कल्याण पश्चिमेला स्टेशनजवळच्या एका बोळात एक दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मालक बसला की ग्राहक बाहेर. तिथला दादा कमी बोलणारा निघाला. त्याने लॅपटॉप पालथा घातला, मागचे स्क्रू काढून ज्या जागचे त्या क्रमाने मॅटवर मांडले आणि प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने खालचं झाकण सोडवलं. आत तांब्याच्या चपट्या नळ्या, त्यांच्या टोकाला कागदाइतक्या पातळ पत्र्यांची जाळी आणि जाळीला खेटून पंखा. पंखा सोडवल्यावर मुख्य प्रकरण दिसलं. पंखा आणि जाळी यांच्या मधोमध करड्या रंगाचा एक अख्खा थर बसला होता, घट्ट, एकजीव. दादाने तो चिमट्याने एका कोपऱ्यात धरला आणि ओढला, तर तो न तुटता सबंध निघाला आणि चिमट्याला लोंबायला लागला. त्यात आमच्या घरातली फोडणी होती, उदबत्ती होती, मुलाचे केस होते आणि उरलेलं सगळं डोंबिवली होतं. या गावाने २०१४ साली हिरवा पाऊस पाहिलाय, २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालेला पाहिलाय. थर साधा करडा निघाला याचंच मला आश्चर्य वाटलं.

“ताई, पंखा फिरतोय, पण हवा जाणार कुठून?” दादा म्हणाला. प्रोसेसर आणि तांबं यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून तिचे पापुद्रे झाले होते. ती त्याने स्पिरिटने पुसली, नवी लावली, सगळं क्रमाने बंद केलं. मजुरी आठशे. लॅपटॉप चालू केला. तापमान बावन्न. दादाने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं आणि त्याची मुद्रा बदलली. वेग ०.७९.

त्याने पुन्हा बंद-चालू केलं. बावन्न आणि ०.७९. “थंड आहे, तरी चालत नाही,” तो स्वतःशीच बोलला, आणि आठशेतले दोनशे न मागता परत केले. कल्याण-डोंबिवलीत रिपेअरवाला न मागता पैसे परत करतो तेव्हा आजार गंभीर आहे असं समजावं. मदरबोर्डवाल्या मुलाचा टाय माझ्या डोळ्यांपुढे यायला लागला.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. सेंट्रलवर मोटरमन होते, आता निवृत्त. मुख्य मार्गावरची १५०० व्होल्ट डीसी २०१५मध्ये पूर्ण संपली आणि सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी आली, त्याच्या आधीपासून आणि नंतरही त्यांनी गाड्या चालवल्या. संध्याकाळी ते आमच्याकडचं शब्दकोडं सोडवायला येतात, कारण स्वतःच्या पेपरातलं त्यांनी सकाळीच सोडवलेलं असतं. त्या दिवशी मुलगा लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेला त्यांना दिसला.

“काय रे, तापलाय का?”

“नाही आजोबा. बावन्नच आहे.”

“मग?”

“थ्रॉटल होतोय.”

“कोण करतंय थ्रॉटल?”

मुलगा म्हणाला, कोण म्हणजे, तोच करतोय. काकांनी पेन खिशाला लावलं आणि खुर्ची ओढून बसले.

“हे बघ. लोकल शंभरने पळते. तरी एखाद्या दिवशी ती वीसने का जाते? गाडी बिघडलेली नसते. ड्युटीवर हजर झालं की मोटरमनच्या हातात कॉशन ऑर्डर देतात. अमुक किलोमीटर ते तमुक किलोमीटर, स्पीड वीस. का, तर पुढे रूळ बदलतायत, नाहीतर पुलाचं काम आहे. कागद हातात असला की गाडी कितीही धडधाकट असो, वीस म्हणजे वीस. तू इतके दिवस गाडी उघडून बघतोयस. गाडी ठीक आहे तुझी. कागद कोणी दिलाय ते शोध.”

‘आजोबा, तुम्हाला नाही कळणार’ हे वाक्य मुलाच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं आणि परत गेलेलंही पाहिलं. त्याने शोधायला सुरुवात केली. ‘थ्रॉटलस्टॉप’ नावाचा एक फुकटचा प्रोग्रॅम मिळतो. प्रोसेसर कुणाच्या सांगण्यावरून मंदावलाय ते तो दाखवतो. तो उतरवून चालू केला, तर एका चौकटीत लाल अक्षरं पेटलेली: बीडी प्रॉकहॉट. आता या प्रॉकहॉटचं असं आहे, की प्रोसेसर स्वतः तापला की आपण होऊन ओरडतो, पण त्याच तारेवरून लॅपटॉपमधला दुसरा एखादा भागही त्याला ‘हळू’ असं सांगू शकतो. बीडी म्हणजे दुहेरी वाहतूक. प्रोसेसर खात्री करत बसत नाही. तारेवर निरोप आला की तो तळाच्या वेगावर जाऊन बसतो, स्वतः बावन्न अंशांवर असला तरी. आजाऱ्याला ताप नव्हताच. शेजारच्याने ताप असल्याची वर्दी दिली होती.

“मिळाला कागद,” काका म्हणाले. “आता सप्लाय बघ आधी. डीसी होती तेव्हा पुढे दोन गाड्या एकदम उठल्या की आमचं व्होल्टेज पडायचं. मोटरमन आधी व्होल्टेज बघतो, मग मोटर.”

मुलाने चार्जरचं टोक काढून दिव्याखाली धरलं. गोल टोक, बाहेर धातूचं कडं आणि आत मधोमध सुईएवढी बारीक पिन. ती एका बाजूला वाकून कडेला टेकली होती. या पिनेतून वीज जात नाही. ती लॅपटॉपला फक्त माहिती देते, की मी या कंपनीचा, इतक्या वॅटचा चार्जर आहे. ती माहिती पोहोचली नाही की लॅपटॉप समजतो, भलताच कुणीतरी लावलाय. हा माणूस २३० वॅट पुरवू शकेल की नाही देव जाणे, मग उगाच जोर लावून धोका कशाला? तो बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरला तारेवरून निरोप धाडतो. हे मात्र मला ताबडतोब कळलं, कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. केवायसी अपूर्ण. पैसे आहेत, खातेदार समोर उभा आहे, पण व्यवहार बंद. मी स्वतः रोज हेच करते.

पिन वाकली कुठे, याचाही तपास लागला. मुलगा लोकलमध्ये सॅक पुढे घेऊन उभा राहतो आणि चार्जर असतो सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात. सकाळच्या वेळी कोपरला माणसं आत येतात, दिव्याला आणखी येतात, मुंब्र्याला येणाऱ्यांना जागा नसते तरी ते येतात. त्या दाबाखाली माणसांची हाडं टिकतात हेच पुष्कळ आहे. पिनेने काय टिकावं?

मूळ कंपनीचा चार्जर साडेपाच हजारांना आला. बेचाळीस हजारांतून साडेपाच वजा केले की किती उरतात ते मी नवऱ्याला कागदावर लिहून दाखवलं, कारण तोंडी सांगितलेलं तो विसरतो. चार्जर लावला, लाल अक्षरं विझली, वेग चार गिगाहर्ट्झच्या वर गेला आणि टायर घासल्याचे आवाज पुन्हा सुरू झाले. काही मिनिटांत तापमान सत्त्याण्णव झालं आणि लॅपटॉप परत मंदावायला लागला. या खेपेला मात्र खराखुरा, स्वतःच्या तापाने. मे महिना होता.

यावर मुलाकडे उपाय तयार होता. व्होल्टेज किंचित उतरवायचं. व्होल्टेज उतरलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत उतरते, म्हणजे थोडक्यात पुष्कळ लाभ. पण ते कुलूप आधीच लागलेलं होतं. २०१९च्या डिसेंबरात संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची युक्ती जाहीर केली होती. इंटेलच्या प्रोसेसरचं व्होल्टेज मुद्दाम हिसके देऊन उतरवलं की त्याच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं हाती लागू शकतात, हे त्यांनी दाखवलं. मग अपडेट आले आणि कित्येक लॅपटॉपांत व्होल्टेजची ती सोय बंद झाली. तिकडे चोर पकडले गेले, इकडे आमचा पंखा ओरडतोय.

शेवटी कामी आला तो विंडोजमधलाच एक आकडा. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्के असते. ती ९९ करायची. एक टक्का कमी केला की टर्बो नावाची उसळी पुरती बंद होते आणि प्रोसेसर आपल्या मूळ, पेलवणाऱ्या वेगावर चालतो. तापमान ऐंशीच्या खाली आलं. गेममध्ये मला तरी काही फरक दिसला नाही, कारण अशा गेममधलं जड काम ग्राफिक्स कार्ड करतं. मुलाला दिसला, पण तो फ्रेममध्ये नव्हता, मनात होता. खोक्यावरचे ५ गिगाहर्ट्झ आता कधीच दिसणार नाहीत याचं त्याला दुःख झालं. मी त्याला सांगितलं, की इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम आणायचा बेत २००४ साली रद्द केला होता आणि गाडी ३.८ वर थांबवली होती. तेव्हापासून सगळ्यांनाच वेगापेक्षा एका प्रोसेसरमध्ये जास्त गाभे बसवणं परवडलं. जिथे इंटेलने माघार घेतली तिथे आपण ठाकुर्लीच्या अलीकडे राहून कसला हट्ट करायचा?

आमची बेडरूम आम्हाला परत मिळाली. काकांनी एकदा शर्यतीचा गेम खेळून पाहिला आणि त्यांना तो पोरकट वाटला, कारण त्यात सिग्नल नाहीत. मुलाने त्यांना आगगाडी चालवायचा गेम लावून दिला. आता शब्दकोडं पडून असतं. काका रोज संध्याकाळी येतात, वेळापत्रकाप्रमाणे गाडी सोडतात, आणि कुणी मध्ये बोललं की “ड्युटीवर आहे” म्हणतात.

तेव्हा वाचकहो, लॅपटॉप मंदावला तर पाकीट काढण्याआधी तापमान आणि वेग हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा. तापून मंदावला असेल तर आतली धूळ काढून घ्या, पेस्ट बदला आणि मर्यादा ९९वर आणून महिनाभर बघा. थंड असूनही चालत नसेल तर चार्जरचं टोक दिव्याखाली धरा. मदरबोर्ड बदलायला सांगणाऱ्याला आधी स्क्रू काढायला लावा. आणि चार्जर सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवा.